सांगून थकलो, मग विचारायला शिकलो

कुणी चुलीपाशी बसून ऐकत असाल, कुणी भांगलायला गेल्यावर बांधावर फोन ठेवून ऐकत असाल. आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. बचत गटाची बैठक संपते, हप्ते जमा होतात, वही मिटते, आणि निघता निघता कुणीतरी म्हणतंच, "ताई, आमच्या घरातल्या बिडीचं काय करायचं? सांगून सांगून तोंड दुखलं. त्यांना सोडायचीच नाही."

ज्याला सोडायची आहे त्याला मदत करता येते. पण ज्याला सोडायचीच नाही, त्याचं काय? हा प्रश्न आपल्याच घरातला वाटतो. खरं तर तो चारशे वर्षांचा जुना आहे. राजांना पडला, डॉक्टरांना पडला, संशोधकांना पडला. त्यांनी काय काय केलं, कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही, ते आज सांगणार आहोत.

पण आधी आमची चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका गटात आम्ही ठराव केला. जी सदस्य बिडी ओढेल किंवा मिश्री लावेल, तिला दर बैठकीला १० रुपये दंड. टाळ्या वाजल्या, अंगठे उठले, सह्या झाल्या. पुढं काय झालं? मिश्री कुणाचीच सुटली नाही. डबी तेवढी पदराआड गेली. आणि गटातल्या एक आजी, ज्या उघडपणे बिडी ओढायच्या, त्यांनी बैठकीला येणंच बंद केलं. बिडी काही सुटली नाही, गट मात्र सुटला. या आजींकडं आपण शेवटी परत येऊ. आधी चारशे वर्षं मागं जाऊ.

तंबाखू हे आपलं पीक नव्हे. ते मूळचं अमेरिका खंडातलं. मिरची, बटाटा, मका जसे तिकडून आले, तशीच तंबाखू पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तिथून ती विजापूरच्या आदिलशाहीत पोचली. अकबर बादशहाचा असद बेग नावाचा एक अधिकारी विजापूरला गेला होता. १६०४-०५ च्या सुमारास त्यानं तिथून तंबाखू आणि रत्नजडित नळी नेऊन बादशहापुढं ठेवली. दरबारातल्या हकिमानं विरोध केला, या पाल्याची आपल्या ग्रंथांत काही माहिती नाही म्हणाला. बादशहानं तरी दोन-चार झुरके घेऊन पाहिले. स्वतः त्याला नाद लागला नाही. पण दरबारातल्या सरदारांनी तंबाखू मागून घेतली, व्यापारी ती विकू लागले आणि बघता बघता ती सगळीकडं झाली. हकिमाचं म्हणणं खरं होतं, पण ऐकलं कुणी?

पुढं अकबराचा मुलगा जहांगीर गादीवर आला. तंबाखूमुळं लोकांची तब्येत आणि डोकं बिघडतं, असं म्हणून त्यानं १६१७ मध्ये बंदीचा हुकूम काढला. त्याच काळात इराणच्या शाह अब्बासनंही आपल्या देशात तंबाखू बंद केली होती. आता गंमत पाहा. जहांगीरचा वकील म्हणून इराणला गेलेला खान आलम तंबाखूशिवाय घटकाभर राहू शकत नव्हता. हे शाहच्या कानावर घातलं गेलं, तेव्हा शाहनं पाहुण्याला खास सवलत दिली. म्हणजे दोन दोन बादशहांचा हुकूम, आणि त्यांच्याच वकिलाच्या तोंडची नळी सुटेना. ही हकीकत जहांगीरनं स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

दुसरीकडंही हेच. इंग्लंडच्या जेम्स राजानं १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि तिच्यावरचा कर भरमसाट वाढवला. तुर्कस्तानच्या चौथ्या मुराद सुलताननं १६३३ मध्ये थेट मृत्युदंड ठेवला. माणसं मेली, तंबाखू मेली नाही. आम्ही हे वाचलं तेव्हा आम्हाला आमचा १० रुपयांचा दंड आठवला. सुलतानाच्या तलवारीनं जे झालं नाही, ते आमच्या दहाच्या नाण्यानं कसं होणार होतं?

आता बिडीकडं येऊ. बिडी म्हणजे तेंदूच्या पानात गुंडाळलेली तंबाखू. विदर्भात गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलांत भर उन्हाळ्यात बाया-माणसं पहाटे उठून तेंदूची पानं तोडतात. सोलापूर, सिन्नरकडं हजारो बायकांनी सुपात पानं घेऊन बिड्या वळल्या आणि त्यावर लेकरं शिकवली. त्यांच्या हक्कासाठी १९६६ मध्ये बिडी कामगारांचा वेगळा कायदा झाला. स्वदेशीच्या काळात विलायती सिगारेट नको म्हणूनही बिडीला बळ मिळालं. स्वस्त, आपली, गरिबाची, असं तिचं नाव झालं. त्यामुळं कुणी बाहेरून येऊन "बिडी वाईट" म्हणालं की लोकांना वाटतं, हा आपल्यालाच वाईट म्हणतोय.

बिडीबद्दल अजून एक समज आहे. पान झाडाचं आहे, कागद नाही, म्हणून बिडी सौम्य. हे खरं नाही. तेंदूच्या पानातून हवा नीट आत जात नाही, बिडी सारखी विझते, म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. त्यामुळं सिगारेटपेक्षा कमी तंबाखू असूनही बिडीचा डांबरासारखा चिकटा आणि विषारी वायू शरीरात जास्तच जातो.

तंबाखू नेमकं काय करते, हे पुराव्यानिशी कळायला १९५० साल उजाडावं लागलं. लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी दवाखान्यांतल्या रोग्यांना एकेक करून विचारलं, आणि फुप्फुसाचा कर्करोग झालेले बहुतेक सगळे धूम्रपान करणारे निघाले. डॉल स्वतः सिगारेट ओढायचे. स्वतःचाच अभ्यास पाहून त्यांनी ती सोडली. मग १९५१ मध्ये या दोघांनी इंग्लंडमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या आणि या डॉक्टरांचा माग पन्नास वर्षं ठेवला. २००४ मध्ये त्याचा हिशोब छापून आला. सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षं लवकर गेले. पण ज्यांनी ६० व्या वर्षी सोडली त्यांना सुमारे ३ वर्षं परत मिळाली, ५० व्या वर्षी सोडली त्यांना ६, चाळिशीत सोडली त्यांना ९, आणि तिशीत सोडली त्यांना जवळजवळ सगळीच १०.

हे आकडे वहीत लिहून ठेवा. कारण घरात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "आता या वयात सोडून काय उपयोग?" उपयोग आहे. साठीतही आहे. तीन वर्षं म्हणजे नातवाची तीन इयत्ता.

आणि "मी ओढतो, तुला काय त्रास?" याचंही उत्तर आहे. जपानमध्ये हिरायामा नावाच्या संशोधकांनी ९१,५४० बायकांचा १४ वर्षं माग ठेवला. या बायका स्वतः कधीच धूम्रपान न करणाऱ्या होत्या. १९८१ मध्ये त्यांनी सांगितलं की ज्यांचे नवरे जास्त सिगारेट ओढत, त्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त झाला. म्हणजे घरातला धूर हा घरातल्या सगळ्यांचा प्रश्न आहे. त्यावर बोलायचा आपल्याला हक्क आहे. बोलायचं कसं, हाच खरा सवाल.

त्याचं पहिलं उत्तर मिळालं लंडनमध्येच. मायकेल रसेल नावाच्या डॉक्टरांनी साधा प्रयोग केला. साधे घरगुती डॉक्टर, संख्या २८. त्यांच्याकडं सर्दी-तापासाठी आलेले २,१३८ धूम्रपान करणारे रोगी. यातले कुणी सिगारेट सोडायला म्हणून आलेले नव्हते. काही रोग्यांना डॉक्टर काहीच बोलले नाहीत. काहींना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं सोडण्याबद्दल सांगितलं, एक पत्रक हातात दिलं आणि म्हणाले, "मी पुन्हा विचारणार आहे." वर्षानंतर पाहिलं. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात हजारातल्या तिघांनी सोडली होती. ज्यांना सांगून, पत्रक देऊन, पुन्हा विचारीन म्हटलं होतं, त्यांच्यात शंभरातल्या पाचांनी. १९७९ मध्ये हे छापून आलं.

शंभरात पाच म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण लक्षात घ्या, हे न मागता मिळालेल्या दोन मिनिटांच्या बोलण्याचं फळ आहे. ओरडा नाही, दंड नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे शब्द कोणते? "मी पुन्हा विचारणार आहे." नुसता सल्ला दिला तेव्हा शंभरात तीनच्या आसपास सुटले. पुन्हा विचारण्याचा शब्द आणि पत्रक जोडल्यावर पाच झाले.

आता इंग्लंड सोडून आपल्या देशात येऊ, आणि बायकांकडं येऊ. आंध्र प्रदेशात समुद्राकाठी श्रीकाकुलम नावाचा जिल्हा आहे. तिथल्या खेड्यांतल्या पुष्कळ बायका चुट्टा ओढायच्या. चुट्टा म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी. ती ओढायची रीत ऐकून अंगावर काटा येतो. पेटलेलं टोक तोंडाच्या आत आणि न पेटलेलं बाहेर. मुली हे आईचं बघून शिकत. आईनं केलं, आजीनं केलं, मग त्यात वाईट काय? आत टाळ्याला सतत चटका आणि धूर. त्यामुळं टाळूवर पांढरे डाग यायचे आणि पुढं टाळूचा कर्करोग व्हायचा, जो इतर ठिकाणी फार क्वचित दिसतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दातांच्या रोगांवर संशोधन करणारा एक विभाग होता. डॉ. फली मेहता तिथं होते, डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग त्यांच्यासोबत होते आणि डॉ. प्रकाश गुप्ता आकडेवारी सांभाळत. १९६६ पासून या लोकांनी खेड्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. आपल्या महाराष्ट्रातही ते आले. इथल्या खेड्यांतल्या १,०१,७६१ माणसांची तपासणी त्यांनी केली आणि १९७२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आपल्यातल्या कुणाच्या तरी आजीनं तेव्हा दारात उभं राहून तोंड उघडून दाखवलं असेल.

नुसतं मोजून हे लोक थांबले नाहीत. १९७७-७८ च्या सुमारास त्यांनी दुसरं काम हाती घेतलं. केरळमधलं एर्नाकुलम, गुजरातमधलं भावनगर आणि हे श्रीकाकुलम, अशा तीन जिल्ह्यांच्या खेड्यांतले तंबाखू खाणारे आणि ओढणारे ३६ हजारांहून जास्त लोक त्यांनी निवडले. हे सगळे साधे खेडूत. कुणी सोडायला म्हणून आलेलं नव्हतं. उलट हेच त्यांच्या दारात गेले. तोंड तपासायचं, काय दिसतं ते सांगायचं, तंबाखूशी त्याचा संबंध समजावायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. सोबत प्रसारमाध्यमांतूनही प्रचार केला.

पाच वर्षांचा हिशोब १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. याच भागांत आधी जे लोक नुसते तपासले गेले होते, त्यांच्यापेक्षा या लोकांत सोडणारे आणि कमी करणारे जास्त निघाले. आणि तोंडातले कर्करोगाआधीचे पांढरे चट्टे नव्यानं होण्याचं प्रमाण कमी झालं. सगळ्यांनी सोडली का? नाही. बहुतेकांनी सोडली नाहीच. पण ज्या बाईला आईपासून चुट्ट्याची सवय, जिला कुणी सोड म्हटलंही नव्हतं, तिच्या दारात दरवर्षी कुणीतरी येत राहिलं. लहान काम, पण थांबलं नाही. आणि त्याचा परिणाम मोजता आला.

हे वाचून आम्हाला वाटलं, दारात जाणं तर आपल्याला जमतंच. आपला गट म्हणजे दुसरं काय आहे? कर्जाचा हप्ता चुकला तर आपण दारात जातोच की. पण दारात जाऊन बोलायचं काय?

याचं उत्तर आम्हाला १९८३ सालात मिळालं. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या दोन अमेरिकी संशोधकांनी स्वतःहून सिगारेट सोडणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलं, माणूस एकदम सोडत नाही. आधी त्याच्या मनातच नसतं. मग तो विचार करू लागतो. मग सोडून बघतो. मग टिकवतो. मधेच पुन्हा सुरू होते, आणि परत फिरून पुन्हा तेच. म्हणजे पुन्हा सुरू झाली म्हणून सगळं फुकट गेलं असं नाही. पेरलेलं वाळलं तर दुबार पेरणी करतोच ना आपण?

दुसरी गोष्ट विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांची. ते दारू पिणाऱ्यांसोबत काम करायचे. नॉर्वेत काही तरुण सहकाऱ्यांना शिकवताना त्यांच्या प्रश्नांमुळं मिलर यांना आपलीच रीत नीट दिसली, आणि १९८३ मध्ये त्यांनी ती लिहून काढली. सार असं: आपण जितकं "सोड, सोड" म्हणतो, तितका समोरचा "का सोडू?" याची कारणं शोधतो. आणि माणूस स्वतःच्या तोंडानं जे बोलतो, तेच त्याला पटत जातं. म्हणून सोडायची कारणं आपण सांगायची नाहीत. ती त्याच्या तोंडून यावीत असं विचारायचं.

घरात हे कसं करायचं? आमच्या प्रशिक्षणात आम्ही नवरा-बायको होऊन हे बोलून पाहिलं. सवयीचं बोलणं असं:

"अहो, किती वेळा सांगितलं, बंद करा ती बिडी. खोकून खोकून रात्रभर झोप नाही."

"तुझी कटकट बंद कर आधी. दिवसभर राबतो, एवढी एक बिडी, तीपण नको?"

भांडण संपलं, बिडी पेटली. आता दुसरी रीत. जेवण झालंय, बिडी पेटलेली नाही, मन शांत आहे.

"अहो, एक विचारू? रागावू नका. बिडी सोडावी असं तुम्हाला दहापैकी किती वाटतं?"

"दोन."

"मग शून्य का नाही म्हणालात?"

आता बघा, नवरा काय बोलेल? "शून्य कसं म्हणू, खोकला तर होतोयच. विहिरीवर मोटार चालू करायला गेलो तर परत येताना दम लागतो." ही कारणं बायकोनं सांगितली असती तर कटकट झाली असती. त्यानं स्वतः सांगितली. आता आपण एवढंच म्हणायचं, "दम लागतो होय?" आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड, हे आम्ही अनुभवानं सांगतो.

दोनऐवजी तो शून्यच म्हणाला तर? तर म्हणायचं, "बरं. मी महिन्याभरानं पुन्हा विचारीन." रसेल डॉक्टरांचे शब्द. आणि महिन्यानं खरंच विचारायचं.

एक काळजी घ्या. ज्या घरात दारू पिऊन हात उगारला जातो, तिथं हे एकटीनं करू नका. आधी स्वतःची काळजी. तिथं गटानं मिळून, घरातल्या मोठ्या माणसाला किंवा आशाताईला सोबत घेऊन बोला.

समजा माणूस तयार झाला, तर पुढं काय? तंबाखूतल्या निकोटीनची शरीराला सवय लागलेली असते. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, तल्लफ येते. दोन-चार आठवड्यांत ते बरंच कमी होतं. त्या दिवसांत "बिडी सोडल्यापासून तुम्ही फारच चिडता, त्यापेक्षा ओढा" असं कुणी म्हणू नका. ते शरीराचं भांडण आहे, तुमच्याशी नाही. तल्लफेची लाट काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप तोंडात टाका, अंगणात चक्कर मारा.

औषधही आहे. स्वीडनमध्ये पाणबुडीतल्या खलाशांना आत सिगारेट ओढता येत नसे, तेव्हा ते तंबाखू चघळत. ते ऐकून ओवे फर्नो या संशोधकाला १९६७ मध्ये निकोटीनच्या गोळीची म्हणजे चघळायच्या गमची कल्पना सुचली. आज ती आपल्याकडंही औषधाच्या दुकानात मिळते. पण गरोदर बाईनं किंवा हृदयाचा त्रास असलेल्यानं डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आणि हो, बिडी सोडून मळलेली तंबाखू किंवा मिश्री धरली तर ते सोडणं नव्हे. ती आगीतून फुफाट्यात उडी. सरकारची मोफत मदत-फोनची सोय २०१६ पासून आहे. नंबर आहे १८००-११-२३५६. बिडीच्या बंडलावरच तो छापलेला असतो. म्हणजे सोडायचा रस्ता त्याच्याच खिशात आहे.

पैशाचंही बोलू, कारण आपण बचत गटाच्या बायका. १९७० मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रँडॉल्फ नावाच्या गावात आर्थर मुलानी यांनी लोकांना सांगितलं, एक दिवस सिगारेट ओढू नका आणि वाचलेले पैसे शाळेतल्या मुलांच्या शिष्यवृत्तीला द्या. कायमची सोडा म्हणालेच नाहीत. फक्त एक दिवस. ती कल्पना पसरत गेली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दहा लाख लोकांनी एक दिवस सिगारेट बंद ठेवली, आणि १९७७ पासून तो दिवस देशभर पाळला जाऊ लागला. ज्याला कायमचं नको वाटतं, तो एक दिवस करून बघतो. आणि एक दिवस जमला की दुसऱ्याची भीती कमी होते. आपला हिशोब करा. रोजच्या बिडी-काडीला २५ रुपये धरले तर वर्षाचे ९,१२५ रुपये. दोन चांगल्या शेळ्यांची सोय. पण हा हिशोबही आपण ऐकवायचा नाही. वही त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "तुम्हीच मांडून बघा."

आता त्या आजींकडं येऊ. हे सगळं शिकल्यावर आम्ही आधी दंडाचा ठराव मोडला. मग चौघीजणी आजींच्या दारात गेलो. त्या सूप पाखडत होत्या. आम्ही म्हणालो, "आजी, चुकलं आमचं. तुम्ही गटात या. बिडी ओढत असलात तरी या." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बायांनो, दुष्काळात खडी फोडायला जायचो. एक भाकरी असायची, ती लेकरांना. भूक मारायला मुकादमानं बिडी दिली. तवाची धरलीय." आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. दहा वर्षं त्या आमच्या गटात होत्या. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी आम्ही बिडीबद्दल काही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. तिसऱ्या वेळी विचारलं, "आजी, सोडावी असं कधी वाटतं का?" आम्हाला वाटलं होतं कॅन्सरचं काही म्हणतील. त्या म्हणाल्या, "कॅन्सरला काय भ्यायचं, मरण कुणाला चुकलंय? पण दिवे घाट चढताना आता दम लागतो. दोन वर्षं झाली, वारीत घाट आला की मला टेम्पोत बसवत्यात. पायी चढायचाय मला तो."

आम्ही जी कारणं सांगत होतो, त्यांत दिवे घाट कुठंच नव्हता. आम्ही फुप्फुसाचं चित्र दाखवत होतो, आणि आजींना माऊलींच्या पालखीमागं चालायचं होतं.

मग त्यांनीच ठरवलं. दिवसाच्या चौदा होत्या, त्या दहा केल्या, मग सहा, मग दोन. दसऱ्याला पूर्ण बंद केली. पौषात त्यांचे धाकटे दीर गेले, त्या रात्री पुन्हा पेटवली. दुसऱ्या दिवशी स्वतः निरोप पाठवला, "माझी मोडली. दंड घ्या." आम्ही गेलो आणि म्हणालो, "आजी, दंड तर कधीच मोडलाय. पुन्हा कधी बंद करायची?" त्या म्हणाल्या, "आजच." तेव्हापासून बंद आहे. पुढं पुन्हा मोडेल का? मोडूही शकेल. आम्ही जातच राहणार आहोत.

गटातल्या सगळ्या घरांत असं झालेलं नाही. काही घरांत अजून "दहापैकी शून्य" आहे. एका भाऊंनी तर "तुमच्या बैठका तुमच्या घरी घ्या" म्हणून आम्हाला परत पाठवलं. आम्ही बरं म्हणालो आणि पुढच्या महिन्याची तारीख वहीत लिहून ठेवली. शंभरातले पाच, असं लंडनच्या डॉक्टरांनी मोजलं होतं. आपल्या गावात बिडी ओढणारे दोनशे असतील तर ती दहा माणसं झाली. दहा घरांतला खोकला.

तर या आठवड्यात प्रत्येकीनं एकच करायचं. घरातल्या एका माणसाला, शांत वेळ पाहून, एकदा विचारायचं: दहापैकी किती? आणि मिळेल तो आकडा तारखेसकट वहीत लिहायचा. पुढच्या बैठकीला हप्त्याच्या वहीसोबत ती वहीही आणा. आकडा दोनाचा तीन झाला तरी ती बचतच आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. आम्ही पुन्हा विचारणार आहोत.